संकेतस्थळाची सूची कोणत्या भाषेत बोलते?

आमच्या गावच्या जुन्या वाचनालयाचे संकेतस्थळ दोन वर्षांपूर्वी सुरू झाले. कार्यकारिणीवर आम्ही बरीच वर्षे असल्यामुळे, आणि वकिलाला लिहिण्याची सवय असते असा सर्वांचा समज असल्यामुळे, त्यातील मजकुराची जबाबदारी आमच्याकडे आली. ग्रंथसूची चढली, जुन्या नियतकालिकांची यादी चढली, व्याख्यानमालेचे वृत्तांत चढले. उद्घाटन झाले, पेढे वाटले गेले, वृत्तपत्रात छायाचित्र आले. चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. सरांनी आम्हांला शाळेत मराठी शिकविले. आता ते ऐंशीच्या घरात आहेत आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी एनव्हीडीए नावाची विनामूल्य आज्ञावली नातवाने त्यांच्या संगणकावर बसवून दिली आहे. तिच्या आधाराने ते रोज दोन-तीन तास काही ना काही ऐकत असतात. ते म्हणाले, "काय रे वकील, पुस्तकं भरपूर ठेवलास म्हणे. पण दार कुठं केलास ते सांग आधी."

आम्हांला ती थट्टा वाटली. संध्याकाळी कोर्टातून परस्पर त्यांच्याकडे गेलो आणि शेजारी बसून आमचेच संकेतस्थळ ऐकले. डोळ्यांनी शंभरदा पाहिलेले पान कानाने ऐकण्याचा तो आमचा पहिलाच प्रसंग होता. पान उघडताच यंत्र बोलले, "टॉगल नॅव्हिगेशन, बटन." हे शब्द त्या पानावर आम्ही कधी पाहिलेच नव्हते. मग एकामागून एक दुवे येऊ लागले. होम, अबाउट अस, आणि नंतर आम्ही आग्रहाने मराठीत घालावयास लावलेले 'ग्रंथसंपदा', 'ज्ञानेश्वरी व संतवाङ्मय', 'व्याख्यानमाला'. पण यंत्राने 'ज्ञानेश्वरी'चा उच्चार 'ग्यानेश्वरी' असा केला. सरांनी काही न बोलता मान फिरविली. 'ग्रंथसंपदा' आली आणि गेली. तिच्या पोटात असलेले 'लेखकानुसार' आणि 'विषयानुसार' हे दोन दुवे ऐकूच आले नाहीत, कारण माउसचा बाण वर नेल्याखेरीज ते उघडत नव्हते, आणि सरांच्या टेबलावर माउस नाही. ज्या ग्रंथसूचीसाठी आम्ही सहा महिने रात्री जागविल्या होत्या, तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांना नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पानाचा सांगाडा उघडून पाहिला. पडद्यावर जे दिसते त्याच्यामागे खुणांनी बांधलेली एक संहिता असते. या व्यवसायातील लोक तिला मार्कअप म्हणतात. अमुक शब्द मथळा आहे, अमुक परिच्छेद, अमुक यादी, अमुक दुवा, हे ब्राउझरला त्या खुणा सांगतात. संहितेच्या माथ्यावर, अगदी पहिल्याच खुणेत, 'लँग' नावाचा एक गुणधर्म असतो आणि त्यात पानाची भाषा दोन अक्षरांत नोंदविलेली असते. मराठीची दोन अक्षरे एम-आर, कन्नडची के-एन, हिंदीची एच-आय. आमच्या पानावर एच-आय होते.

ज्याने संकेतस्थळ बांधून दिले त्याच्या मनात काळेबेरे नव्हते, हे आम्ही स्पष्ट सांगतो. हीच थीम त्याने पूर्वी एका हिंदी संस्थेसाठी वापरली होती. आमचा मजकूर देवनागरीत पाहून ती खूण बदलण्याची गरज त्याला भासली नाही. देवनागरी दिसली की हिंदी, हा हिशेब इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना नवा नाही. पण यंत्र आज्ञाधारक असते. पान स्वतःच आपण हिंदी आहोत असे प्रतिज्ञेवर सांगत असेल, तर वाचणारी आज्ञावली हिंदी आवाज लावणारच आणि 'ज्ञ'चा 'ग्य' करणारच. सीमाभागात राहणाऱ्यांना शाळेच्या दाखल्यातील मातृभाषेच्या रकान्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. तोच रकाना येथे आहे. तो भरण्याचा अधिकार पूर्णपणे आमचा होता आणि आम्ही तो दुसऱ्याला, न विचारता, भरू दिला होता.

येथे आमचे म्हणणे मांडतो. आपली मंडळे, वाचनालये, शिक्षणसंस्था संकेतस्थळ करवून घेतात तेव्हा लेखांचा मजकूर तपासतात, ऱ्हस्वदीर्घ पाहतात, अध्यक्षांच्या नावाआधी 'श्री.' आहे की नाही हे पाहतात. आणि पानाच्या माथ्यावरील सूची, जिला सर्वजण मेनू म्हणतात, ती थीमसोबत येईल तशी स्वीकारतात. सूची हा सजावटीचा भाग आहे, ती तंत्रज्ञाची बाब आहे, असा हा समज आहे. आमच्या मते सूची हा मजकूरच आहे, आणि तिचा सांगाडाही मजकूरच आहे. न्यायालयात कागदपत्रांची फाइल दाखल करताना पहिल्या पानावर अनुक्रमणिका लावावी लागते. ती चुकली तर पुरावा फाइलमध्ये असूनही न्यायाधीशांच्या हाती लागत नाही. ती अनुक्रमणिका आम्ही छापखान्यावर सोडून देत नाही.

आता त्या सांगाड्याविषयी थोडे तपशिलात सांगितले पाहिजे, कारण खरी दुरुस्ती तेथेच आहे. आपल्या बहुतेक लहान संस्थांची संकेतस्थळे वर्डप्रेसवर असतात, आमचेही आहे. २०१० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये सूची तयार करण्याची स्वतंत्र सोय आहे. व्यवस्थापनाच्या पानावर आपण शब्द आणि दुवे मांडावयाचे, आणि थीमच्या माथ्याच्या फाइलमध्ये 'डब्ल्यूपी नॅव्ह मेनू' हे फलन त्यांची संहिता तयार करते. काही न सांगता सोडले तर ते फलन बाहेर 'डिव्ह' नावाची अर्थशून्य चौकट घालते, आत 'यूएल' ही यादीची खूण, तिच्यात प्रत्येक घटकासाठी 'एलआय' आणि त्यात दुवा. उपसूची ही आपल्या पालक घटकाच्या पोटात दुसरी यादी म्हणून येते. ही यादीची रचना मोलाची आहे. तिच्यामुळे वाचणारी आज्ञावली 'यादी, सात घटक' असे आधी सांगते, म्हणजे ऐकणाऱ्याला किती वाट चालावयाची आहे ते कळते. बाहेरच्या 'डिव्ह'ऐवजी 'नॅव्ह' ही खूण घातली तर तो भाग सूचीचा आहे अशी उद्घोषणा होते आणि एनव्हीडीएमध्ये केवळ 'डी' हे बटन दाबून थेट तेथे पोहोचता येते. त्यासाठी फलनाला एकच गोष्ट सांगावी लागते: चौकट 'नॅव्ह'ची कर. २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून त्या चौकटीला ऐकू येणारे नावही देता येते. आम्ही 'मुख्य सूची' असे दिले.

आमच्या थीमने मात्र हे सर्व मोडले होते. वर्डप्रेस सूचीची संहिता ज्या यंत्रणेकडून लिहून घेते तिला वॉकर म्हणतात, कारण ती सूचीच्या झाडावर फांदीफांदीने चालत जाते. थीमकर्त्याने आपला स्वतंत्र वॉकर लिहून यादीच्या सगळ्या खुणा काढून टाकल्या होत्या आणि नुसत्या चौकटींत दुवे बसविले होते. दिसावयास ते सुबक होते. ऐकावयास ती तेवीस दुव्यांची एक सलग ओळ होती, आदि-अंत नसलेली.

दुरुस्ती एका सभासदाच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीने केली. आम्ही शेजारी बसून शब्द पुरविले. पहिल्या खेपेस आमच्या हातून एक ढोबळ चूक झाली आणि ती सांगितली पाहिजे, कारण ती सगळीकडे होते. आम्ही मूळ थीमच्याच फाइलीत बदल केले. सर्व काही ठीक झाले, सरांना फोन करून झाला, आणि तीन आठवड्यांनी थीमची नवी आवृत्ती आपोआप उतरली. तिने आमच्या फाइली पुसून आपल्या ठेवल्या. 'मुख्य सूची' गेली, 'टॉगल नॅव्हिगेशन' परत आले, आणि पान पुन्हा हिंदी झाले. यावर उपाय चाइल्ड थीमचा आहे: मूळ थीमवर विसंबणारी आपली एक छोटी वेगळी थीम करावयाची, तिच्यात शैलीची एक फाइल, फलनांची एक फाइल आणि बदललेली माथ्याची फाइल एवढेच ठेवावयाचे. वर्डप्रेस आधी आपली फाइल पाहते, ती नसेल तरच मूळ थीमची. मूळ थीम मग कितीही वेळा बदलो.

त्या माथ्याच्या फाइलीत आम्ही तीन गोष्टी केल्या. कोरून ठेवलेले एच-आय काढून तेथे वर्डप्रेसचे भाषा सांगणारे फलन घातले आणि व्यवस्थापनात संकेतस्थळाची भाषा मराठी केली. आता एम-आर आपोआप येते. थीमचा वॉकर काढून टाकला. आणि 'ग्रंथसंपदा'पुढे उपसूची उघडण्याचे खरे बटन बसविले, जे कळफलकावरून दाबता येते आणि आपण उघडे आहोत की मिटलेले हे ऐकणाऱ्याला सांगते. या शेवटच्या कामास सर्वांत अधिक वेळ लागला.

'टॉगल नॅव्हिगेशन'चे मूळही तेथेच सापडले. मोबाइलवर सूची तीन आडव्या रेघांच्या बटनात मिटते. रेघांना शब्द नसतो, म्हणून न पाहणाऱ्यांसाठी त्या बटनाला एक अदृश्य नाव दिलेले असते. संपूर्ण संकेतस्थळ मराठी करूनही हे नाव इंग्रजीच राहते, कारण ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी तपासत नाही. चांगल्या थीममध्ये असे शब्द भाषांतराच्या फाइलीतून बदलता येतात. आमच्या थीममध्ये ते संहितेतच कोरलेले होते. आम्ही तेथे 'सूची उघडा' असे लिहिले. पानाची भाषा मराठी नोंदविल्यानंतर असे उरलेले इंग्रजी शब्द आणखी वाईट ऐकू येतात, कारण आता मराठी आवाज ते वाचतो.

सूचीतील शब्दांवरून कार्यकारिणीत दोन बैठका झडल्या. 'होम'साठी आम्ही 'मुखपृष्ठ' सुचविले. छापखाना चालविणारे आमचे एक तरुण सहकारी म्हणाले, "मुखपृष्ठ पुस्तकाला असतं, साहेब. आत आल्यावर दिसतं ते पहिलं पान." ते आम्हांला पटले. 'अबाउट अस'चे 'आमच्याविषयी' हे भाषांतर सर्वत्र आढळते, पण ऐकणाऱ्याला 'आमच्या' म्हणजे कोणाच्या हे त्यावरून समजत नाही. आम्ही 'वाचनालयाविषयी' केले. 'संपर्क' हा शब्द चुकीचा नाही, तरी वाचकाला हवा असतो तो पत्ता आणि दूरध्वनी, म्हणून 'पत्ता व दूरध्वनी' असेच लिहिले. 'लॉगिन' तसेच ठेवले. एका ज्येष्ठ सदस्यांनी त्यासाठी घडविलेला संस्कृत शब्द आम्ही येथे देत नाही. तो सूचीत बसला नसता आणि कोणी त्यावर बोटही ठेवले नसते.

सरांनी एक गोष्ट मात्र अशी सांगितली, जी आम्हां डोळसांच्या कधीच ध्यानात आली नसती. ऐकणारा माणूस दुव्याचा पहिला शब्द ऐकतो आणि नको असेल तर लगेच पुढे जातो. आमच्या उपसूचीत 'वाचनालयाचा इतिहास', 'वाचनालयाचे नियम', 'वाचनालयाच्या वेळा' असे ओळीने होते. प्रत्येक वेळी 'वाचनालयाचा' एवढा सहा अक्षरी शब्द संपेपर्यंत थांबावे लागे. आता तेथे 'इतिहास', 'नियम', 'वेळा' आहे. मराठी ही विभक्तिप्रत्ययांची भाषा असल्यामुळे षष्ठीचे जड विशेषण आधी येते आणि कामाचा शब्द शेवटी. सूचीत हे उलटे करावे लागते. इंग्रजी सूचीचे शब्दशः भाषांतर करून हे साधत नाही.

हैदराबाद, बडोदे किंवा आमच्याच भागातील नव्या पिढीचा विचार केला की हा मुद्दा अंधांपुरता राहत नाही. घरी मराठी बोलणारी पण तेलुगू, गुजराती वा कन्नड माध्यमात शिकलेली मुले पुष्कळ आहेत. त्यांना मराठी ऐकून समजते, देवनागरी वाचावयास त्रास होतो. पान वाचून दाखविणारा आवाज आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. त्या आवाजाने मराठी शब्द मराठीसारखा उच्चारला तर मूल ऐकेल.

डोळ्यांना दिसणाऱ्या मराठीचीही सूचीत कमी हानी होत नाही. थीम बहुधा रोमन अक्षरांसाठी घडविलेल्या असतात. सूचीतील शब्द सर्व मोठ्या लिपीत दाखवावेत आणि अक्षरांत थोडे अंतर ठेवावे, अशा दोन आज्ञा त्यांच्या शैलीच्या फाइलीत जवळजवळ ठरलेल्या असतात. पहिलीचा देवनागरीवर परिणाम होत नाही. दुसरीने शिरोरेषा तुटते. 'व्याख्यानमाला' हा शब्द तुटक तुकड्यांत उभा राहतो, जणू पाटीवरची अक्षरे कोणी एकेक करून उपसून ठेवली आहेत. ओळीची उंची कमी ठेवली असेल तर 'र्थ'चा रफार आणि 'ग्रं'वरील अनुस्वार वरून छाटले जातात. अंतर शून्य करणे आणि उंची वाढविणे, एवढ्या दोन ओळी आपल्या चाइल्ड थीमच्या शैलीत घातल्या की काम होते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. मराठीतील ल आणि श यांची घडण हिंदीतील ल आणि श यांहून वेगळी आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ही मराठी वळणे मान्य केली. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणे साठविलेली असतात आणि पानाची भाषा मराठी नोंदविलेली असेल तरच मराठी वळण उमटते. संविधानाच्या अनुच्छेद २९ मध्ये भाषेसोबत लिपीचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे, याचे आम्हांला त्या दिवशी विशेष स्मरण झाले.

आमच्या संकेतस्थळावर एक कन्नड पानही आहे. शेजारी राहणाऱ्या कन्नड वाचकांना वाचनालयाच्या वेळा आणि सभासदत्वाचे नियम कळावेत एवढाच त्याचा हेतू. सूचीत त्याचा दुवा कसा असावा? आधीच्या मांडणीत भाषांपुढे झेंडे होते: हिंदी आणि मराठी दोहोंपुढे तिरंगा, इंग्रजीपुढे ब्रिटनचा झेंडा, कन्नडपुढे काहीच नाही. भाषा हा देश नव्हे. झेंडे काढून टाकले. आता कन्नड पानाचा दुवा 'कन्नड' या शब्दाने, पण कन्नड लिपीत लिहिलेला आहे, कारण तो ज्याच्यासाठी आहे त्याला तो ओळखता यावा. त्या एका दुव्यावर भाषेची खूण के-एन अशी घातली, म्हणजे मराठी आवाज तेवढ्या शब्दापुरता बाजूला होतो. हे करण्यासाठी सूचीच्या व्यवस्थापनात वरच्या 'स्क्रीन पर्याय' या भागातून सीएसएस वर्गाचा रकाना उघडून त्या घटकाला एक वर्ग दिला. आणि दुव्याचे गुणधर्म बदलू देणारे जे फिल्टर वर्डप्रेसमध्ये आहे त्याला, हा वर्ग दिसला की ही खूण घाल, असे सांगितले. सात-आठ ओळींचे काम आहे. आपल्या भाषेचा मान राखला जावा असे म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेचे नाव तरी त्याच्या लिपीत लिहावे.

ओघात एक सावधगिरी. सूचीतील दुवा ज्या पानाकडे नेतो त्याचा पत्ता वर्डप्रेस शीर्षकावरून बनविते आणि त्याला दोनशे बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ जागा घेते. काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे बावीस चिन्हांत पत्ता संपतो. आमच्या 'बेळगाव जिल्ह्यातील जुनी वाचनालये' या पानाचा पत्ता 'बेळगाव-जिल्ह्यातील-जुनी' येथेच थांबला. वाचनालये बाहेर राहिली. पत्त्यासाठी दोन शब्द हाताने निवडून लिहावेत, शीर्षक हवे तेवढे लांब ठेवावे.

या सर्वांवर येणारे आक्षेप आम्ही ऐकले आहेत. 'होम' आणि 'कॉन्टॅक्ट' सर्वांना समजते, मग एवढा खटाटोप कशासाठी? समजते, हे खरे. पण त्याच न्यायाने ग्रंथसूचीही इंग्रजीत चालली असती. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: संस्थेकडे पैसा नाही, माणूस नाही, थीम फुकट मिळाली तशी लावली. आमच्या कामास पैसा लागला नाही. चार रविवार लागले आणि त्यांतील एक आमच्या चुकीचा. तिसरे, नव्या पद्धतीच्या ब्लॉक थीममध्ये, म्हणजे २०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.९ आवृत्तीनंतर, सूचीची संहिता तयार ठोकळ्यातून येते आणि 'नॅव्ह'ची खूण त्यात आधीच असते. ज्यांना नव्याने सुरुवात करावयाची आहे त्यांनी तोच मार्ग धरावा. पण त्यातही शब्द आपणच लिहावयाचे असतात, सूचीचे नाव आपणच द्यावयाचे असते, आणि संकेतस्थळाची भाषा मराठी करणे हे तेथेही आपल्याच हाती असते. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: या खुणेमुळे गूगलवर आपण वर येऊ, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. पानाची भाषा आपण दृश्य मजकुरावरून ठरवितो, भाषेच्या खुणेवरून नव्हे, असे गूगल स्वतःच सांगते. ही खूण वाचणाऱ्या माणसासाठी आहे.

कायद्याच्या बाजूनेही वारे बदलत आहे. पानाची भाषा यंत्राला कळेल अशी नोंदविणे ही अट सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २००८ पासून सर्वांत खालच्या, म्हणजे किमान पातळीवर आहे. आपल्याकडील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती व संज्ञापनाची साधने सुगम करण्याविषयी तरतूद आहे आणि कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरविला, कारण सुगम्यतेचे निकष त्यात केवळ शिफारशीच्या स्वरूपात होते आणि अधिनियमाला ते बंधनकारक हवे होते. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हे अनुच्छेद २१ खालील जीविताच्या अधिकाराचेच अंग मानले गेले. वाचनालयावर उद्या कोणी दावा लावील असे आम्ही म्हणत नाही. पण रस्त्यावरील पाटीवर कन्नड ६० टक्के असावे असा कायदा कर्नाटकाने २०२४ मध्ये केला, दुकानांच्या मराठी पाटीचे अक्षर इतरांहून लहान नसावे असे महाराष्ट्राने २०२२ मध्ये ठरविले. त्या पाट्यांवर आपण हिरिरीने बोलतो. संकेतस्थळाच्या सूचीवर कोणत्याच सरकारचे बंधन नाही, आणि तेथली पाटी आपण स्वतःच परक्या शब्दांत लावून घेतो.

म्हणून एक व्यावहारिक सूचना करतो, वकिलाच्या सवयीने. नवे संकेतस्थळ करवून घेताना कार्यादेशात चार वाक्ये लिहून घ्यावीत. पानाची भाषा मराठी अशी संहितेत नोंदविली जाईल. मुख्य सूची 'नॅव्ह'च्या खुणेत यादी म्हणून असेल आणि तिच्या सर्व पायऱ्या केवळ कळफलकाने उघडता येतील. दिसणारे व न दिसणारे सर्व शब्द संस्थेने दिलेल्या यादीप्रमाणे मराठीत असतील. आणि बदल चाइल्ड थीममध्ये केले जाऊन तिच्या फाइली संस्थेच्या ताब्यात दिल्या जातील. शेवटचे वाक्य गाळू नये. ते नसल्याने कित्येक संस्था एका माणसाच्या दूरध्वनीवर अवलंबून राहिल्या आहेत. काम ताब्यात घेताना माउस बाजूला ठेवून फक्त टॅबचे बटन दाबत पहिल्या पानापासून ग्रंथसूचीपर्यंत जाऊन पाहावे. मिळाले तर पैसे द्यावेत.

मोबाइलवर आमची उपसूची अजूनही कधी कधी दोनदा दाबावी लागते. ते काम बाकी आहे. सरांना आम्ही दुरुस्तीनंतर आठवडाभर फोन केला नाही, मुद्दामच. मग त्यांचाच आला. सूचीविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. ग्रंथसूचीत लेखकानुसार पाहताना एका कादंबरीकाराची दोन पुस्तके दुसऱ्याच्याच नावावर चढलेली त्यांना आढळली होती, आणि ही यादी कोणी तपासली होती असे ते विचारीत होते. ती आम्हीच तपासली होती.